किती दिवस राहिले? जर्मन घरांतल्या कंदील, चांदणी आणि चोवीस खिडक्यांची गोष्ट

लोकलमध्ये जागा मिळाली असेल किंवा नसेल, आपण सुरू करूया. हा लेख म्हणजे या आठवड्याच्या भागाचं लिहिलेलं रूप. बोलताना जे सुटलं ते इथे थोडं भरून काढलंय.

तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये जर्मनीत राहणारं एखादं मराठी जोडपं नक्की असेल. पुण्याच्या आयटीवाल्यांकडे तर दहा असतात. नोव्हेंबरात त्यांच्या स्टेटसवर एक फोटो हमखास येतो: थंडीत गुंडाळलेलं छोटं पोर, हातात काठी, काठीला कागदी कंदील. आणि खाली आजीची कमेंट, "दिवाळी झाली ना रे, आता कसला कंदील?"

मला या आजीचा प्रश्न फार आवडला. त्याचं उत्तर शोधायला म्हणून वाचायला लागले आणि भलतीकडेच पोचले. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात जर्मन घरांत आई-बाबा आणि मुलं एकत्र बसून कात्री-गोंद घेऊन जे काही करतात, त्यातल्या दोन सगळ्यात प्रसिद्ध गोष्टी अशा ठिकाणी सुरू झाल्या जिथे आई-बाबा नव्हतेच. एक बोर्डिंग शाळेत. दुसरी, ज्यांना घरच उरलं नव्हतं अशा मुलांच्या आश्रमात.

पण ऋतूच्या क्रमाने जाऊ.

ऑक्टोबरात जर्मनीत झाडं पिवळी-तांबडी होतात आणि रविवारी दुपारी लोक सहकुटुंब बागेत किंवा जंगलात फिरायला जातात. मुलांच्या हातात पिशवी असते, ती चेस्टनट गोळा करायला. हे खायचे चेस्टनट नव्हेत, कडू असतात. तपकिरी, गुळगुळीत, हातात धरून ठेवावेसे वाटतात असे. घरी आणून त्यांना टोच्याने भोकं पाडायची, आगकाड्यांचे पाय लावायचे, की झाले घोडे, हरणं, साळिंदर. खर्च शून्य. आपल्याकडे चिंचोके, सागरगोटे जसे फुकटातले खेळ, तसंच. गंमत म्हणजे हे झाड मुळात जर्मनीचं नाहीच. ते बाल्कन भागातलं, सोळाव्या शतकात मध्य युरोपात आलं. बव्हेरियात बिअरवाल्यांनी ते आपल्या तळघरांवर लावलं, कारण पानं मोठी, सावली दाट आणि खालची बिअर थंड राहते. मुलांच्या खेळण्याचा पुरवठा हा त्या बिअर उद्योगाचा साइड इफेक्ट म्हणायचा.

मग ११ नोव्हेंबर. हा संत मार्टिनचा दिवस, आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मार्टिन हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक, पुढे फ्रान्समधल्या तूरचा बिशप झाला. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला अशी कथा. पण शेतकऱ्यांसाठी ही तारीख वेगळ्याच कारणाने महत्त्वाची होती. या दिवशी शेतीचं वर्ष संपायचं. खंड चुकता करायचा, गडीमाणसांचा हिशेब व्हायचा, नोकर मालक बदलायचे. आणि जुन्या काळी याच्यानंतर नाताळापर्यंत चाळीस दिवसांचा उपास सुरू व्हायचा, म्हणून आदल्या रात्री हंस कापून दणकून जेवायचं. गटारीची आठवण आली ना? मलाही आली.

मुलं या दिवशी कंदील घेऊन रस्त्यावर गाणी म्हणत फिरतात. पूर्वी हा कंदील कागदाचा नसायचा. गुरांना घालायचा मोठा कंद आतून कोरून त्यात मेणबत्ती ठेवायची. रांगेत, शिस्तीत, पुढे घोड्यावर मार्टिन अशी आजची मिरवणूक ऱ्हाइन नदीकाठच्या ड्युसेलडॉर्फसारख्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बसवलेली. त्याआधी पोरांचा नुसता धुडगूस असायचा, तो मोठ्यांनी मार्गी लावला. आता बालवाडीत आई-बाबांना बोलावून संध्याकाळी कंदील करायला बसवतात, आणि आपल्या पुण्याच्या बाबांना तिथे लक्षात येतं की शाळेत असताना केलेला आकाशकंदील अजून हातात आहे.

इथून पुढे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: किती दिवस राहिले?

नाताळाच्या आधीचे चार रविवार मोजून जो काळ होतो त्याला अ‍ॅडव्हेंट म्हणतात. म्हणजे आगमनाची वाट बघायचा काळ. जर्मनीत भेटवस्तू २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच उघडतात, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने उलटी मोजणी चोवीस तारखेला शून्यावर येते. या मोजणीसाठी माणसांनी काय काय केलंय ते बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट चांदणीची. जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेकियाच्या सीमेजवळ हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. १७२२ मध्ये मोराव्हियातून धर्मछळामुळे पळून आलेल्या लोकांनी ते काउंट त्सिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर वसवलं. हे प्रॉटेस्टंट पंथाचे, साधे, कामसू लोक. दहाच वर्षांत त्यांनी जगभर मिशनरी पाठवायला सुरुवात केली: १७३२ मध्ये कॅरिबियन बेटांवर, १७३३ मध्ये ग्रीनलंडला. एवढ्याशा गावाने इतक्या दूर इतकी माणसं पाठवावीत हे आजही चकित करतं.

पण या माणसांना मुलं होती. आणि पंथाचा नियम असा की मुलगा किंवा मुलगी साधारण सहा-सात वर्षांची झाली की तिला शिक्षणासाठी युरोपात परत पाठवायचं. आई-बाप तिकडेच. क्लाइनवेल्का नावाच्या गावी खास मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या, नीस्कीला मुलग्यांचं मोठं बोर्डिंग होतं. सहा वर्षांचं पोर जहाजात बसवून द्यायचं आणि पुन्हा कधी भेटेल याची खात्री नाही. काही जणांची भेट पुढे कधी झालीच नाही. हे त्या काळी त्यागाचं लक्षण मानत. मला वाचताना राग आला, अजूनही आहे. कारण त्याग आई-बाप करत होते असं सगळे म्हणतात, पण सहा वर्षांच्या मुलाला कोणी विचारलं होतं?

अशाच बोर्डिंगमध्ये चांदणी जन्मली. नीस्कीच्या शाळेतल्या भूमितीच्या तासाला मुलांकडून कागदाचे पिरॅमिड करून घेत आणि ते एका गाभ्याला चिकटवून चांदणी बनवत. १८२१ मध्ये तिथल्या मुलग्यांच्या शाळेला ५० वर्षं झाली तेव्हा अंगणात तब्बल ११० टोकांची चांदणी आतून दिवा लावून टांगली होती. पुढे अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी शाळेत चांदण्या करायच्या अशी रीतच पडली. रंग सुरुवातीला लाल आणि पांढरा.

ही चांदणी बघितली नसेल तर सर्च करा, थांबते मी. बघितली? आता इंजिनिअरच्या नजरेने. आतला गाभा म्हणजे १८ चौकोन आणि ८ त्रिकोण जोडून केलेली घनाकृती. एकूण २६ बाजू. प्रत्येक बाजूवर एक टोक बसवायचं, फक्त वरचा एक चौकोन दिव्यासाठी आणि टांगण्यासाठी मोकळा सोडायचा. म्हणजे टोकं २५: सतरा चौकोनी तळाची, आठ त्रिकोणी तळाची. आपल्या कामट्यांच्या पारंपरिक आकाशकंदिलाच्या सांगाड्यातही चौकोन आणि त्रिकोणच असतात, फक्त त्यांना टोकं फुटत नाहीत. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही बरं का. व्हॉट्सअ‍ॅपवर "जर्मन चांदणी मूळची आपलीच" असं फिरायला लागलं तर ते माझ्या नावावर नको.

१८८० च्या सुमाराला या शाळेतून शिकलेल्या पीटर हेन्ड्रिक फेरबेक यांनी आपल्या पुस्तकांच्या दुकानातून चांदण्या विकायला सुरुवात केली. १८९७ पासून हेर्नहूटमध्ये त्यांचं रीतसर उत्पादन चालू आहे, आजही टोकं हाताने चिकटवतात. २०२४ मध्ये हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आणि या चांदणीच्या शाळांचा एक धागा थेट हिमाचलात येतो. १८५६ मध्ये या पंथाच्या मिशनऱ्यांनी लाहौलमधल्या केलाँगला ठाणं केलं. त्यांना खरं तर मंगोलियाला जायचं होतं, तिबेटमधून वाट मिळाली नाही म्हणून ते तिथे थांबले. १८५९ मध्ये तिथल्या ऑगस्ट हाइड यांच्याशी लग्न करायला मारिया नावाची तरुणी जर्मनीहून आली. ही मारिया स्वतः दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेली आणि लहानपणीच जर्मनीला शाळेत पाठवलेली. म्हणजे वर सांगितलेल्या मुलांपैकीच एक.

जवळजवळ चार दशकं ती केलाँगला राहिली. तिची काही मुलं तिथेच वारली. जी जगली त्यांना शिक्षणासाठी जर्मनीला पाठवावं लागलं. स्वतःवर जे गुदरलं तेच तिने मुलांच्या बाबतीत केलं, आणि रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की महिनोन् महिने टपालाचाही भरवसा नसायचा. तिने लाहौलच्या बायकांना विणकाम शिकवलं. मनालीला गेलात तर जे रंगीत नक्षीचे लाहौली मोजे घेता ना, त्या विणकामाची सुरुवात तिथल्या लोकांकडे मारिया हाइडच्या नावानेच सांगतात. त्या मोज्यांना आता भौगोलिक मानांकनही आहे. नक्षी मात्र लाहौलच्या बायकांची स्वतःची.

आता दुसरी गोष्ट, हॅम्बुर्गची. एकोणिसाव्या शतकातलं हॅम्बुर्ग म्हणजे मोठं बंदर, पैसा, आणि मागच्या गल्ल्यांमध्ये भयंकर दारिद्र्य. योहान हिनरिश विशर्न हा तरुण धर्मशास्त्री तिथल्या मुलांना रविवारी शिकवायला जायचा. एका दिवसाच्या शिकवणीने काही होत नाही हे त्याच्या लक्षात आलं. १८३३ मध्ये, पंचविशीत, त्याने शहराबाहेर एका जुन्या घरात आश्रम सुरू केला. नाव राउहेस हाउस. मुलं अनाथ, टाकून दिलेली, चोरीत पकडलेली. त्या काळात अशा मुलांना कोंडून ठेवायची पद्धत होती. विशर्नने भिंत बांधली नाही. दहा-बारा मुलांचा एक गट, त्यांच्याबरोबर एक मोठा भाऊ, असं कुटुंब कल्पून त्यांना वेगवेगळ्या घरांत ठेवलं.

आणि ही मुलं त्याला दर डिसेंबरला छळायची. नाताळ कधी? उद्या का? परवा का? ज्या मुलांना आयुष्यात कोणी दिलेला शब्द पाळलेला नाही, त्यांना "येईल रे" म्हणून चालत नाही. त्यांना दिसावं लागतं.

१८३९ मध्ये विशर्नने लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल. दररोज प्रार्थनेच्या वेळी एक पेटवायची. त्या वर्षी अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणजे २४ तारखेपर्यंत चोवीस दिवस: चार मोठ्या, वीस छोट्या. पण दरवर्षी असं होत नाही. नाताळ सोमवारी आला तर हा काळ २२ दिवसांचाच, रविवारी आला तर २८ दिवसांचा. म्हणजे लाल मेणबत्त्या अठरापासून चोवीसपर्यंत कितीही. विशर्नचं चाक दरवर्षी नव्याने मोजून भरावं लागायचं. ज्यांनी तारखांच्या हिशेबाचा कोड लिहिलाय त्यांना याचा त्रास कळेल.

साधारण १८६० च्या सुमाराला चाकाभोवती हिरव्या फांद्या गुंडाळायला लागले. मग ते लोकांच्या घरी गेलं. घरात दोन डझन मेणबत्त्या कोण लावणार? फक्त चार उरल्या, चार रविवारांच्या. हीच आजची अ‍ॅडव्हेंटची माळ, जी नोव्हेंबरच्या शेवटी जर्मन आया फांद्या आणून, तारेने गुंडाळून घरीच करतात. ही मुळात प्रॉटेस्टंटांची रीत, कॅथलिक चर्चमध्ये ती पहिल्यांदा कोलोनला १९२५ मध्ये लागली असं सांगतात. राउहेस हाउस अजून चालू आहे, आणि तिथे अजूनही रोजची एक या हिशेबाने मेणबत्त्या लावतात.

घरोघरी मोजणीच्या आणखी युक्त्या होत्याच. दारावर खडूने चोवीस रेघा मारायच्या आणि मुलाने रोज एक पुसायची. नाही तर गव्हाणीत रोज एक गवताची काडी ठेवायची. यातली एक युक्ती माउलब्रॉन गावच्या पाद्रीणबाईंची. त्यांचा मुलगा गेरहार्ड "किती दिवस राहिले" करून डोकं खायचा, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटं लावून दिली. रोज एक खायचं. अखेर एक तरी गोष्ट घरातल्या आईची निघाली!

गेरहार्ड लांग मोठा होऊन म्युनिकला छापखान्यात भागीदार झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने ते बिस्किटांचं पान छापलं. त्यात दोन कागद असायचे. एकावर चोवीस रंगीत चित्रं, दुसऱ्यावर चोवीस चौकटी. रोज एक चित्र कात्रीने कापायचं आणि चौकटीत चिकटवायचं. शब्दशः कट-पेस्ट. उघडायच्या खिडक्या नंतर, १९२० च्या आसपास आल्या. आणि लांगने विशर्नची डोकेदुखी एका फटक्यात संपवली: रविवार विसरा, दरवर्षी १ ते २४ डिसेंबर. त्यामुळे न विकलेला माल पुढच्या वर्षी चालतो. धर्माच्या पंचांगातून बाजाराच्या पंचांगात उडी ती इथे पडली असं माझं मत.

लांगचा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला बंद पडला. कागद टंचाईत चित्रांची कॅलेंडरं छापायला बंदी आली. मात्र एक कॅलेंडर छापत होते, नाझी पक्षाचं. पक्षाच्या प्रकाशनगृहाने मुलांसाठी "नाताळापूर्वी" अशा अर्थाच्या नावाची वही काढली. तीत रोजच्या पानावर काहीतरी करायला असायचं: बिस्किटं, कागदकाम, गोष्टी, माळ. वरून बघितलं तर तोच गोडवा, फक्त बाळ येशू गायब आणि त्याच्या जागी हिवाळ्यातला सूर्य, सूर्यचक्र आणि सैनिक बाबा. मला यात सगळ्यात भीतीदायक काय वाटतं सांगू? त्यांनी आईची कात्री आणि गोंद काढून घेतला नाही. तोच वापरला. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई मुलाला मांडीवर घेऊन जे करते, तिथे सरकारला बसायचं होतं.

युद्ध संपलं तेव्हा श्टुटगार्ट शहराची बॉम्बहल्ल्यांत दुर्दशा झालेली. तिथे १९४६ मध्ये रिशार्ड झेल्मर या गृहस्थाने अमेरिकन लष्करी प्रशासनाची परवानगी मिळवून, कागद मिळवून एक अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर छापलं. नाव "छोटं गाव". चित्र बघा एकदा. टुमदार घरं, उतरती छपरं, गल्ल्या, दिव्यांच्या खिडक्या. एकही घर पडलेलं नाही. ज्या मुलांनी आपली गल्ली ढिगाऱ्यात बघितली होती त्यांच्या हातात हे गेलं, आणि रोज एक खिडकी उघडायची.

त्याने ती अमेरिकेतही पाठवली. १९५३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवंडांचा असं कॅलेंडर हातात धरलेला फोटो अमेरिकन मासिकात छापून आला आणि तिकडे मागणी सुरू झाली. खिडकीमागे चॉकलेट नंतर आलं, मग खेळणी, मग मोठ्यांसाठी बिअर आणि मेकअप. तो भाग तुम्हाला इन्स्टाग्रामवर दिसतोच, त्यात मी शिरत नाही.

"छोटं गाव" अजून छापतात. झेल्मर कुटुंबाकडेच तो धंदा आहे. या डिसेंबरात कोणी जर्मनीहून येणार असेल तर चॉकलेटवालं सांगू नका, कागदी सांगा. वजन नाही, बॅगेत सपाट बसतं, आणि पाठीमागून दिवा धरला की खिडक्या उजळतात.

पुढच्या भागात भेटू. आजीला फॉरवर्ड करा.